चांगला पाय

दारव्ह्याच्या वाटेवरचं लोहारा मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडीनं झटका दिला. फार मोठा नव्हे. ममताच्या मांडीवरचा डबा पुढं सरकला आणि तिनं तो हातानं धरला, एवढाच. पण संघर्षनं चटकन बायकोकडं पाहिलं. इतक्या दिवसांत त्याच्या हाती असताना गाडीनं असा झटका कधी दिला नव्हता. म्हणजे त्यानं देऊ दिला नव्हता. आज समोरून कापसानं फुगलेली एक मेटॅडोर डुलत डुलत अंगावर आली, तिला जागा देण्यात लक्ष गेलं आणि ऐन वेळी जो पाय किंचित उचलायचा तो उचलायचा राहून गेला. आता ही विचारणार, असं धरून त्यानं मनातल्या मनात उत्तरं जुळवायला घेतली. एका उत्तरात पेट्रोल होतं, दुसऱ्यात नोव्हेंबरची थंडी होती. ममता खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "इथं खड्डा पडला वाटते." रस्ता उन्हाळ्यातच नवा झाला होता. तिथं खड्डा नव्हता, साधा उंचवटासुद्धा नव्हता. "हो," संघर्ष म्हणाला, आणि त्या 'हो'ची त्यालाच शिसारी आली. ती गाडी चालवत असताना झटका बसला तर तो तिच्या पायाचा, आणि तो चालवत असताना बसला तर रस्त्याचा. हे तिला कुणी शिकवलं, ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

पाय उचलण्याची युक्ती त्याला अमरसिंगनं सांगितली होती. सांगितली म्हणजे करू नका म्हणून सांगितली होती. अमरसिंग आर्णी रोडवर गॅरेज चालवतो, नागपूरला राहून आपोआप बदलणाऱ्या गिअरचं काम शिकून आलेला, बोलताना बोटांना लागलेलं तेल सारखं पुसत राहतो. गाडी ताब्यात देताना त्यानं संघर्षला शेजारी बसवून एक चक्कर मारली. दर गिअरला गाडी अडखळत होती. संघर्षचं तोंड उतरलेलं पाहून अमरसिंग हसला. "सर, हिच्या गिअरचं डोकं आता कोरं झालं. पयले जे शिकली होती ते सारं पुसलं. मॅडमच्या पायाले वळखाले तिले थोडे दिवस लागतीन. झटके देईन. मॅडमले सांगा, भ्याचं नाही आन् मधीच पाय उचलाचा नाही. पाय उचलला तं झटका लागत नाही, पन मंग तिले शिकताबी येत नाही. नाहीच जमलं तं घेऊन या, मशीन लावून बसवून देतो." इतकं सोपं होतं. मॅडमले सांगा. गॅरेजपासून घरापर्यंत सांगायचं त्याच्या ओठांवर होतं. फाटक उघडायला ती कुबडी टेकत पुढं आली तेव्हाही होतं. पण तिनं विचारलं, "झाली नं बरोबर?" आणि तो म्हणाला, "एकदम नवी करून देल्ली त्यानं." किल्ली तिच्या हातात ठेवताना त्याला वाटलं, चहा झाल्यावर सांगू. तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हे तो स्वतःला वारंवार बजावत आलाय, की तेव्हा मनात वाईट नव्हतं. चहा झाला, दुसराही झाला, आणि सांगायचं राहिलं.

राहिलं, कारण अमरसिंगचं नाव काढलं की गाडी बिघडली कशी ते निघणार, आणि ते निघालं की पिंटूचा ट्रॅक्टर निघणार. पिंटू त्याचा चुलतभाऊ, दारव्ह्याच्या अलीकडच्या खेड्यात राहतो. त्यानं नवं घर बांधलं, भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली आणि निघायच्या वेळी गाडी चालूच होईना. बॅटरी गेली असणार. मंडळी जेवून सुस्तावली होती, त्यांना काम मिळालं. सगळ्यांनी मिळून विहारापर्यंत धक्का मारला, मग विहारापासून परत धक्का मारला. ही गाडी धक्क्यानं चालू होत नाही असं ममता काच खाली करून सांगत होती, पण धक्का मारणाऱ्यांना धक्का मारण्यातच गंमत वाटत होती. मग पिंटूनं ट्रॅक्टर काढला, दोर आणला. "ओढू नका," ममता म्हणाली. "हिच्या पुस्तकात लिवलं आहे. समोरची चाकं जमिनीवर ठेवून ओढाची नाही. गिअर जळते." तिनं ते संघर्षला म्हटलं होतं, पण ऐकलं सगळ्यांनी. कुणीतरी हसत हळूच म्हणालं, भाऊ, वहिनीले इचारून घे पयले. त्या हलक्या हसण्यात काय होतं कोण जाणे, संघर्ष म्हणाला, "पुस्तकात लय लिवलं असते. तू आत बस जाऊन." ती उतरली, पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरचं गुडघ्यातलं कुलूप लावून उभी राहिली आणि एकटी पिंटूच्या ओट्याकडं गेली. ट्रॅक्टरनं गाडी थेट दारव्ह्यापर्यंत ओढली. स्टिअरिंगवर संघर्ष बसला होता, वाटेत भेटणाऱ्यांना हात करत होता. अर्ध्या वाटेत करपल्यासारखा वास आला तेव्हा त्यानं काच वर केली. नंतर अमरसिंगनं गिअरमधल्या जळक्या पट्ट्या काढून फरशीवर मांडल्या, तेव्हा ममता तिथंच होती. ती त्या पट्ट्यांकडं पाहत राहिली आणि एक शब्दही बोलली नाही. बोलली असती, चार लोकांत पाणउतारा केला असता, तर बरं झालं असतं. ऐकून घेणाऱ्या माणसाचं ओझं फार होतं.

पण खरं कारण तेही नव्हतं. खरं कारण इतकं हलकट होतं, की संघर्ष त्याच्या आसपास फिरायचा आणि आत डोकावायचा नाही. बियाणं विकणाऱ्या कंपनीत तो फिरतीवर असे. आज पुसद, उद्या झरी जामणी. फिरती नसेल त्या दिवशी स्कूटरवर ममताला स्टँडजवळ नेणं, दारव्ह्याची जीप थांबवणं, ड्रायव्हरला "मॅडमले समोर बसू दे" म्हणणं, तिला काखेत धरून वर चढवणं, कुबडी मागून देणं, हे सगळं त्याचं काम होतं. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झाला होता तिच्या, मांडीपासून कॅलिपर. लग्न ठरलं तेव्हा आळीतल्या बायका त्याच्या आईला म्हणाल्या होत्या, तुहा पोरगा मोठ्या मनाचा निघाला. ममता त्याला आवडली होती म्हणून त्यानं लग्न केलं होतं. ती हसायची छान, आणि दारव्ह्याच्या कोर्टात स्टेनो होती. जज्जसाहेबांचं बोलणं संपायच्या आत तिचं लिहून संपायचं. मन बिन मोठं करायची त्याला गरजच पडली नव्हती. पण लोकांनी म्हटलं आणि त्यानं ऐकून घेतलं. जीपमधल्या बायका म्हणायच्या, स्टँडवरचा पानवाला म्हणायचा, काय जपते बाईले. ऐकून ऐकून त्याची सवय झाली, आणि मग ते ऐकल्याशिवाय दिवस अळणी जाऊ लागला. गाडी तिनं घेतली, तिनंच शोधली, क्लच नसलेली; चांगल्या पायाला दोनच पेडल. घरात उजव्या पायाला चांगला पायच म्हणत. महिनाभरात ती अशी चालवायला लागली, की कोर्टातले नाझर सदाशिवराव कौतुकानं सांगायचे, मॅडम फाटकातून रिव्हर्स घेतात तेव्हा पक्षकार थांबून पाहतात. संघर्षनं पेढे वाटले. सकाळी ती हात हलवून निघून जायची आणि तो फाटकात उभा राहायचा. कुणी काही म्हणायचं नाही. आता म्हणण्यासारखं उरलं काय होतं?

दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदा गाडी घेऊन गेली त्या संध्याकाळी परत आली ती पांढरी पडून. किल्ली फ्रिजवर ठेवली, खुर्चीत बसली, उजवा पाय समोर लांब केला आणि त्याच्याकडं पाहत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "गाडीचं असन का माह्या पायाचं?" संघर्षच्या हातात भाकरीचा तुकडा होता. "कसं?" "दाबाले जाते तं एकसारखं दाबल्या जात नाही असं वाटते. गाडी हिसके देते. फोनवर वाचलं मी. पोलिओवाल्याचा चांगला पायबी चाळिशीत कमजोर होते म्हणते. सारं वजन त्याच्यावरच राह्यते नं." तिचा आवाज साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. त्या एका क्षणी सगळं हातात होतं. वेडे, तुझा पाय कशाला, त्या अमरसिंगनं सांगितलंय झटके बसतील म्हणून. एवढं म्हणायचं आणि भाकरी तोंडात घालायची. तो म्हणाला, "गाडी तर त्यानं नवी करून देल्ली." शब्दाशब्दानं पाहिलं तर त्यात खोटं काही नव्हतं. मग म्हणाला, "काही दिवस नको चालवू. मी सोडून देत जाईन." तिनं मान डोलावली. आणि संघर्षला, लाज वाटते सांगायला, पण छातीत ऊब आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं फिरती दारव्ह्याच्या बाजूची मागून घेतली. पाय उचलण्याची युक्ती त्याला लवकर जमली. गिअर बदलायच्या बेतात येतो तिथं इंजिनचा आवाज भरतो, तिथं पायाचा अंगठा थोडा सैल सोडायचा. गाडी लोण्यासारखी चालायची. शेजारी बसून ममता ते पाहायची आणि तिची खात्री होत जायची, की दोष आपल्याच पायाचा. कोर्टाच्या फाटकात तो तिला हात देऊन उतरवायचा. सदाशिवराव म्हणायचे, "रोज येता का साहेब? वा." एका सुटीच्या दिवशी झरी जामणीकडं गेलेला असताना पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, एका बाईकडून त्यानं तेल आणलं, पायासाठी, कसल्या मुळ्यांत उकळलेलं. आपण हे का करतोय, असं त्यानं स्वतःला बाटलीचं बूच लावताना विचारलं होतं. उत्तराची वाट न पाहता बाटली पिशवीत घातली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिच्यासमोर खाली बसतो, तिचा उजवा पाय मांडीवर घेतो आणि तेल चोळतो. भक्कम, गोल पोटरीचा पाय आहे तो. आयुष्यभर दोघांचं काम एकट्यानं केलेला. त्याच्या बोटांना त्यात कुठंही कमजोरी लागत नाही. ममता डोळे मिटून पडलेली असते आणि म्हणते, "बरं वाटते." परवा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. "माह्यामुळं तुमचे हाल," म्हणाली. त्या वेळी त्याला उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं, पण हात तेलाचे होते आणि तिचा पाय मांडीवर होता. चांगल्या पायाला औषध लावत बसलेल्या माणसाला काय म्हणावं, हे त्याला समजेना. चोराला चोर म्हणता येतं.

बोरीचा पूल ओलांडला. तुरीची शेतं फुलून पिवळी दिसू लागली होती, मध्ये कापूस वेचणाऱ्या बायकांची रांग दिसत होती. ममतानं खिडकीकडची मान वळवली. "आज सदाशिवरावले सांगून टाकीन म्हणते," ती म्हणाली. "काय?" "गाडीचं. त्यायच्या पोरीले पाह्यजे आहे. मले आता काय कामाची? उभी राहून राहून खराब होईन." संघर्षनं पाय उचलला, गिअर बदलला, झटका बसला नाही. "एवढी घाई कायले?" तो म्हणाला. "घाई कुठं? मी पाहून राह्यली नं रोज. तुमच्या पायानं कशी मऊ चालते." पुढचं ती बऱ्याच दिवसांपासून मनात धरून असावी, कारण बोलताना तिनं डब्याच्या पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले आणि सोडवले. "नागपूरच्या डॉक्टरची तारीख घेतली आहे. मले एकच विचारायचं आहे त्याले. याबी पायाले कॅलिपर लागन का? लागन तं किती दिवसानं? दोन्हीकडून लोखंड असलं तं मंग उठता येते का मानसाले एकट्यानं, का कोणीतरी उठवाच लागते?" हे विचारताना ती त्याच्याकडं पाहत नव्हती. ती रडतही नव्हती. कोर्टात साक्षीदाराचं उतरवून घेते तशा सुरात ती स्वतःचं सांगत होती, आणि संघर्षच्या डोळ्यांसमोर पलंगाच्या काठावर बसून त्याला हाक मारणारी ममता उभी राहिली. हे तुला पाहिजे होतं का? त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बाभळीखाली थांबवली. मागच्या ट्रकनं जोरात हॉर्न दिला.

"काय झालं?" ममता म्हणाली.

"पाय चांगला आहे तुहा," संघर्ष म्हणाला. "पायाचं काहीच नाही. गाडीचं आहे. दुरुस्तीनंतर असे झटके बसतेच. अमरसिंगनं सांगितलं. तुह्या पायाची गाडीले सवय व्हाची होती. मी चालवतो तवा पाय उचलतो म्हणून लागत नाही. मघाशी लागला नं, लोहाऱ्याच्या पुढं? तिथं खड्डा नव्हता."

ममतानं आधी उजव्या पायाकडं पाहिलं. मग चपलेतून पाऊल काढून ते गाडीच्या चटईवर टेकवलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, बोटं पसरली, मिटली. "काहीच नाही?" "नाही." "एकदम चांगला आहे?" "एकदम." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते संघर्षला पाहवलं नाही, पण पाहावं लागलं. ती हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली येत होतं आणि ती दोन्ही हातांनी आपली मांडी थोपटत होती, हरवलेलं ढोर घरी आल्यावर थोपटतात तशी. एवढा आनंद त्यानं तिला इतक्या वर्षांत कधी दिला नव्हता. शिवी परवडली असती. तो वाट पाहत होता आणि ती हसत होती. कितीतरी वेळानं तिचं हसणं कमी कमी होत थांबलं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"अमरसिंगनं कवा सांगितलं?"

"गाडी आणली तवाच."

"म्हणजे मी विचारलं तवा तुम्हाले माहीत होतं." "हो." "तेल आणलं तवा?" "हो." तिसरं तिनं विचारलं नाही. तिनं दार उघडलं, पाय बाहेर काढून कॅलिपर सरळ केलं, कुलूप बसल्याचा आवाज आला. "उतरा," ती म्हणाली. संघर्ष उतरला आणि सवयीनं पुढं होऊन त्यानं हात दिला. त्या हाताला वळसा घालून, बॉनेटला टेकत टेकत ती ड्रायव्हरच्या बाजूला गेली. तो डावीकडं बसला. सीटवर राहिलेला डबा अजून गरम होता. तो काय करावा हे न सुचून त्यानं मांडीवर घेतला.

गाडी निघाली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तिनं पाय उचलला नाही. हिसका बसला, दोघंही पुढं झुकली, आणि ममता मोठ्यानं हसली. तिसऱ्यातून चौथ्यात पुन्हा एक, त्याला ती मान डोलावून म्हणाली, "दे, दे." मग तिनं स्टिअरिंगवरचं बटण दाबून पुसदला आईला फोन लावला. या गाडीत फोनचा आवाज चहूकडच्या स्पीकरमधून येतो, त्यामुळं सासूबाई मागच्या सीटवर बसल्यासारख्या बोलल्या. "पोहोचली का वं?"

"आई, पाय चांगला आहे माहा. गाडीचंच होतं सारं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खरं सांगतं? कोनं सांगितलं?"

"यायनं," ममता म्हणाली.

"जवाईबापूनं? मी तं रोज म्हन्तो शेजारनीले, असा मानूस दिवा घेऊन पाह्यला तरी भेटत नाही. नोकरी सांभाळून तुले नेते काय, आनते काय, रोजची मालिश काय. कोन करते वं एवढं? मोठ्या मनाचा आहे माहा जवाई." स्पीकर पायाशी होता, दारात होता, मागं होता. एके काळी या शब्दांसाठी संघर्ष स्टँडवर मुद्दाम रेंगाळायचा. आता ते संपेनात. त्यानं आवाज कमी करायला हात पुढं केला. ममतानं त्याच्याकडं न पाहता तो बाजूला सारला. तिची नजर रस्त्यावर होती आणि पाय पेडलवर एकसारखा होता.

"आई, ते बाजूलेच आहे," ती म्हणाली. "त्यायले तुले काही सांगाचं आहे." आणि मग त्याला, "बोला."

दारव्ह्याच्या जिनिंगच्या बाजूला वळणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. काच अर्धी उघडी होती, बाहेरून हॉर्न येत होते. संघर्षनं मांडीवरच्या डब्याकडं पाहून सांगितलं, "आई, मले माहीत होतं. पयल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिले सांगितलं नाही." आवाज निघाला तेवढा निघाला.

"काय म्हन्ते वं?" सासूबाईंनी विचारलं. "मले काहीच ऐकू नाही आलं."

ममतानं बटण दाबून काच पूर्ण वर केली. गाडीत एकदम शांत झालं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.